कौसल्याबाईच्या हातची माशी

हजेरीच्या कागदावर कौसल्याबाईचं नाव होतं, सातव्या नंबरला, शिकणाऱ्यांच्या यादीत. वर लिहिलं होतं, गळाची माशी बांधण्याचं प्रशिक्षण. आता बोला! जी बाई चाळीस वर्षांपासून माशी बांधते, तिलाच माशी बांधायला शिकवणार. अन् शिकवणारा कोण, तर राजदीप सर. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाव झरी जामणीकडचं, पैनगंगेच्या काठचं. उन्हाळ्यात तिथली काळी जमीन अशी तडकते की गळाला लावायला औषधालाही गांडूळ मिळत नाही. म्हणून कौसल्याबाईच्या बापानं कधीकाळी घरच्या कापसाचं सूत वळून गळावर गुंडाळलं, वर कोंबडीच्या मानेचं पीस बांधलं आणि डोहात सोडून पाहिलं. तीच ही माशी. तिची सगळी करामत बुडण्यात. धपकन तळाला गेली तर चिलापी मासा ढुंकूनही पाहत नाही, वर तरंगत राहिली तर नुसते चतुर येऊन बसतात. मासा मधल्या पाण्यात उभा असतो, तेव्हा माशीनं रमतगमत खाली जायला पाहिजे. बाप गेला, पुढे नवराही गेला, पण कौसल्याबाईचा हात काही थांबला नाही.

गेल्या उन्हाळ्यात हा राजदीप यवतमाळहून आला. कुठल्याशा संस्थेत होता. तीन दिवस ‘मावशी, मावशी’ करत तिच्या ओट्यावर बसला, तिच्या हातची अंबाडीची भाजी बोटं चाटून खाल्ली आणि मोबाइलवर तिच्या बोटांचे व्हिडिओ काढून घेऊन गेला. यंदा तो परत आला तो बॅनर घेऊन. बॅनरवर त्याचा हसरा फोटो, खाली ‘राजदीप सरांनी विकसित केलेली हळू बुडणारी माशी’. विकसित म्हणे! प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र ज्या बाईकडे असेल तिलाच नागपूरच्या गळांच्या दुकानासाठी माश्या बांधायचं काम मिळणार, असंही त्यानं सांगून टाकलं.

सून उर्वशी समजूतदार. तिनं सासूला सांगितलं, नाव कोणाचं का असेना, कागद घेऊन टाका, काम तर आपल्यालाच भेटते. कौसल्याबाईला तिचाही राग आला, कारण पोरीचं म्हणणं काही खोटं नव्हतं. काम तिलाही पाहिजे होतं. पण बापाची माशी दुसऱ्याची म्हणून शिकायची आणि वर त्याच्याच हातून कागद घ्यायचा, हे काही केल्या तिच्या घशाखाली उतरेना. तरी ती उर्वशीसोबत ग्रामपंचायतीच्या सभागृहात गेली. सतरंजीवर मागच्या रांगेत जाऊन बसली.

राजदीपनं माशी बांधून दाखवली. गाठ चांगली मारली मेल्यानं, अगदी तिच्यासारखी दातात सूत धरून. बायांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याच्या देखरेखीखाली बायांनी बांधल्या. नागपूरचे दुकानदार मुद्दाम पाहायला आले होते. त्यांच्यासमोर पाण्याचं घमेलं ठेवलं आणि सगळ्या माश्या एकेक करून त्यात सोडल्या.

एकही बुडाली नाही. राजदीपनं बोटानं दाबून पाहिलं, तर बोट काढल्याबरोबर पुन्हा वर. त्याची स्वतःची माशीही तशीच. दुकानदार घड्याळ पाहू लागले, तसा हा गडी बायांकडे वळून म्हणतो कसा, की तुमच्या हाताला अजून वळण नाही, सैल बांधल्या तुम्ही.

कौसल्याबाईला कारण केव्हाच कळलं होतं. ताज्या कापसाच्या अंगात तेल असतं, तो पाणी धरत नाही. सूत राखेच्या पाण्यात दोन-तीन तास उकळावं लागतं, तेव्हा कुठे ते हळूहळू पाणी पितं आणि माशी खाली जाते. गेल्या वर्षी हा आला त्याच्या आदल्या दिवशीच तिनं सूत उकळून वाळवून ठेवलं होतं. यानं बोटं तेवढी पाहिली. सूत कुठून आलं, हे विचारलंसुद्धा नाही. आणि आता खापर बायांच्या माथी!

ती उठली आणि दाराकडे निघाली. राजदीप घाईनं मागे आला आणि आवाज खाली करून म्हणाला, ‘मावशी, सांगा ना, काय राहिलं?’

‘हे माशी कोनाची हाय, थे सांगा आंधी. मोठ्यानं.’

राजदीप हसला. ‘मावशी, ही तर आपल्या सगळ्यांचीच. पारंपरिक ज्ञान आहे.’

‘पारंपरिक म्हंजे कोनाचंच नाही, असंच ना?’ कौसल्याबाईचा आवाज चढला. ‘मंग बॅनरवर तुमचं नाव काहून? माह्या बापाले नाव होतं. गोविंदा नाव होतं त्याचं.’

मग उर्वशी उठली. टेबलावरचा हजेरीचा कागद घेऊन तिनं सासूचं नाव खोडलं, खाली स्वतःचं खोडलं आणि सासूच्या बाजूला जाऊन उभी राहिली. दुकानदारांनी निघायला पिशवी उचलली. राजदीपनं त्यांच्याकडे पाहिलं, घमेल्यात तरंगणाऱ्या माश्यांकडे पाहिलं आणि काहीतरी पुटपुटला.

‘आयकू नाही आलं,’ कौसल्याबाई म्हणाली.

‘ही माशी गोविंदाजींची आहे,’ तो मोठ्यानं म्हणाला. ‘मी कौसल्याबाईंकडून शिकलो.’

साऱ्या हयातीत गावानं ज्याला ‘ए गोविंद्या’ सोडून दुसरी हाक मारली नाही, त्याच्या नावाला पहिल्यांदा ‘जी’ लागला, तोही या चोराच्या तोंडून. कौसल्याबाईला रडू आलं. अन् याच्यासमोर रडू आलं म्हणून अजूनच राग आला. पदरानं तोंड पुसून ती उर्वशीला म्हणाली, ‘राख आन. अन् याले बी बसव सतरंजीवर.’