अर्धा वाद ऐकून अकोल्याला

एखादा माणूस दोन्ही बाजू सारख्याच जोरानं मांडत असेल, तर त्यातली त्याची स्वतःची कोणती, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं कसं? हा प्रश्न मी मुन्शीजींना विचारला, दादाच्या शाळेतल्या थोरल्या पंतोजींना विचारला, शेवटी आमच्या ढवळ्या बैलालाही विचारला. उत्तर कोणी दिलं नाही. बैलानं निदान कान तरी हलवला.

तुम्ही म्हणाल, दुसरी यत्ता अर्ध्यात टाकून पळालेल्या माणसाला असले प्रश्न कशाला पडावेत? पडले बुवा. आणि असे पडले की एक ठरलेलं लग्न मोडता मोडता राहिलं. माझं नव्हे, माझ्या दादाचं. दादा असता तर ही गोष्ट त्यानंच सांगितली असती, माझ्यापेक्षा चांगली, आणि मी मध्येमध्ये "असं नव्हतं" म्हणत बसलो असतो. आता दोन्ही कामं मलाच करायची आहेत.

कापसाला सोन्याचे दिवस आले होते. सातासमुद्रापलीकडं कुठंतरी लढाई लागली म्हणे, आणि भाव इकडं आमच्या काळ्या जमिनीला आला. ज्याच्याकडे चार शेतं, त्याच्या बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा. आमच्या गल्लीतल्या एकानं कुत्र्याच्या पायात तोडे घातले होते असं सांगतात. मी तोडे पाहिले नाहीत, पण कुत्रं रुबाबात चालायचं हे खरं.

बाबांनी दोघा भावांची वाटणी आधीच केली होती. थोरला शाळेत, धाकटा बैलांमागं. दादा नागपूरला शिकून अमरावतीत मास्तर झाला. मी नांदगाव खंडेश्वरच्या शेतातला कापूस गाडीत भरून अमरावतीच्या बाजारात आणायचो.

दर बाजारच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, कापसाच्या गठ्ठ्यांवर दादाची मंडळी बसायची. बोलणारे खरे दोघंच. एक दादा, दुसरे मुन्शीजी. मुन्शीजी निजामाच्या अमलात दफ्तरात होते. पांढरी दाढी, फारसीतलं तर्कशास्त्र तोंडपाठ. बाकीची मंडळी मान हलवायला.

आणि विषय कसले? शब्दाला अर्थ कोण देतं. प्रजेला न विचारता राज्य करता येतं का. डोळे मिटले की बाजार राहतो का. हा शेवटचा मी स्वतः करून पाहिला. गाडीवर बसून डोळे मिटले, उघडले तर घोंगडी गेलेली. म्हणजे बाजार राहतो.

त्यांची एक रीत होती. समोरच्याचं म्हणणं खोडायचं, तर आधी त्याचीच बाजू आपल्या तोंडानं मांडायची. तीही अशी, की त्यानं स्वतः मान हलवून "बराबर" म्हटलं पाहिजे. मग आपलं उत्तर. त्या पहिल्या भागाला पूर्वपक्ष म्हणतात. हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा नव्हतं. कारण माझी गाडी लवकर रिकामी व्हायची आणि मी नेहमी पहिलाच भाग ऐकून घरी जायचो. दोन वर्षं मी समजत होतो की माझ्या भावाचं आणि मुन्शीजींचं सगळ्या बाबतीत एकमत आहे.

तर एका बाजारी मुन्शीजींनी विषय काढला. दुसऱ्यानं आपल्या वतीनं दिलेला शब्द आपल्याला बांधतो का? ते म्हणाले, "निजामनं वऱ्हाड इंग्रजले देऊन टाकला. दस्तखत त्याइचे. आमाले कोनी पुसलं? मंग तो करार आमचा कसा?"

दादा उठला. अंगरखा सावरला आणि मांडायला लागला.

"राज्याचं लांब राहिलं, माझंच घ्या. अकोल्याच्या सोनाजीबुवांची मुलगी बाबांनी मला ठरवली. शब्द बाबांचा. मी तिथं नव्हतो. ज्याला विचारलंच नाही त्याचं ते लग्न कसलं? हा शब्द माझा नाही. आणि जो माझा नाही, तो मोडला तर दोष मला नाही."

मुन्शीजींनी दाढीवरून हात फिरवला. "बराबर."

माझ्या हातातला गठ्ठा तिथंच सुटला. माझा दादा मनाविरुद्ध बोहल्यावर चढणार होता. चारचौघांत बोलतो, पण बाबांसमोर तोंड उघडत नाही. मला भडभडून आलं. ह्याला सोडवायचं कोणी? धाकट्यानंच ना?

आईला "शेतात जातो" म्हणून सांगितलं आणि बैल अकोल्याच्या रस्त्याला लावले. दोन दिवसांचा रस्ता. सबंध वाटेत मी स्वतःची पाठ थोपटत होतो.

सोनाजीबुवा विहिरीवर होते. मिरचीच्या वाफ्यांना पाणी चाललं होतं आणि पाटाची दारं धरायला त्यांची मुलगी यमुना उभी होती. आई लहानपणी गेलेली, बापाचं घर हिच्यावर. म्हणून लग्न लांबत लांबत विशीला टेकलेली. हे लग्न मोडलं असतं तर अकोल्यात कोणी म्हटलं नसतं की मुलगा नको म्हणाला. म्हणाले असते, मुलीतच काही असेल. हा विचार आज येतो. तेव्हा मी गाडीवरून उडी मारली आणि सांगूनच टाकलं.

"बुवा, आमच्या दादाले हे लगन नाही करायचं. त्यानं चारचौघात सांगतलं. त्याच्यावर जबरदस्ती करू नका, हात जोडतो."

बुवांचा चेहरा आधी पडला, मग तापला. यमुना मात्र फावडं टेकवून माझ्याकडं बघत राहिली.

"मंग फुडं काय म्हनले ते?" तिनं विचारलं.

"फुडं? फुडं मी निंगालो ना."

"म्हंजे अर्धं आयकून दोन दिवस बैल हाकलले तुमी?"

"अर्धं कायचं? सारं आयकलं. मुन्शीजी बराबर म्हनले."

"बाबा," ती वडिलांना म्हणाली, "यायचं आयकू नका. त्यायले स्वोता इचारा."

बुवांनी पागोटं चढवलं, काठी घेतली आणि माझ्याच गाडीत बसले. "चाल बे. तुह्या भावाच्याच तोंडून आयकतो."

परतीच्या वाटेवर मी गप्प बसायला हवं होतं. मी बसलो नाही. दादा किती सरळ, त्याला मन मारून जगता कसं येत नाही, हे मी त्यांना मूर्तिजापूरपर्यंत समजावलं. तिथं त्यांचे दोन चुलतभाऊ भेटले. तेही काठ्या घेऊन चढले. बडनेऱ्याला यमुनेचे दोन मामा. अमरावतीत शिरलो तेव्हा माझ्या गाडीत पाच काठ्या होत्या आणि बैलांना वाटत होतं, कापूस परवडला.

नेमका पुढचा बाजार. दादा गठ्ठ्यांसमोर उभाच होता. आम्ही मागून आलो, त्याला दिसलो नाही. त्या दिवशीचा विषय होता, कालचा मी आणि आजचा मी एकच आहे का? आणि दादा पुन्हा मुन्शीजींच्या बाजूनं बोलत होता. हे मला काय माहीत?

"नदीचं कालचं पाणी आज नाही, तसा कालचा मी आज नाही. समजा, अकोल्याच्या लग्नाला मी गेल्या महिन्यात हो म्हटलं. पण तो हो म्हणणारा कोण? तो गेला. त्याच्या होकारावर मला बोहल्यावर का चढवता?"

"बराबर," मुन्शीजी म्हणाले.

मी बुवांच्या कोपराला ढोसलं. "आयकलं? मी खोटं सांगतलं काय?"

बुवांची काठी वर गेली. चार काठ्या त्यांच्यामागं वर गेल्या. दादा मागं वळला आणि पांढरा पडला. मंडळीतले मान हलवणारे बाजाराच्या चारही तोंडांनी पांगले. जागेवर राहिले फक्त मुन्शीजी. ते शांतपणे म्हणाले, "बैठो बुवा, बैठो. आत्ता कुठं अर्धं झालं. हे तर माह्यं म्हननं व्हतं, मास्तर फक्त सांगून रायले. त्यायचं आता येते."

अर्धं. तो शब्द दुसऱ्यांदा कानावर आला आणि मी बुवांच्या कोपरापासून हळूच दूर सरकलो.

"मंग सांगू दे त्याले," बुवा काठी न उतरवता म्हणाले. "आमी उभ्यानंच आयकतो."

दादानं आयुष्यात कधी इतकं भराभर उत्तर दिलं नसेल. पण चांगलं दिलं. तो म्हणाला, "कालचा मी गेला असेल, तर काल पेरलेलं पीक आज कापायला मी कोण? पेरतो तोच कापतो, म्हणून तर माणूस पेरतो. शब्दही तसाच. आता गेल्या बाजारचं. बाबांनी मला विचारलं नाही, खरं आहे. तेवढा शब्द माझा नव्हता. म्हणून दिवाळीत मी एकटा अकोल्याला गेलो. कुंपणाआडून मुलीला वाफ्यांना पाणी देताना पाहिलं. परत येताना मनातल्या मनात हो म्हटलं. त्या दिवशी बाबांचा शब्द माझा झाला. तो आता बाबांनी मोडतो म्हटलं तरी मी मोडू देणार नाही."

मला वाटलं, सुटलो.

बुवांनी डोळे बारीक केले. "दिवाळीत? माह्या मिरचीचा वाफा तुडवला तो तूच काय बे?"

दादानं खाली मान घातली. "अंधारून आलं होतं, बुवा."

पाचही काठ्या खाली आल्या. आधी मामा हसले, मग चुलतभाऊ, शेवटी बुवा. हसू ओसरलं तसे सगळे माझ्याकडं वळले. मुन्शीजींनी विचारलं, "किसन, दोन साल तू गाडी घेऊन इथं येतं. कधी शेवटलोक थांबला?"

मी बैलांचं जू तपासू लागलो.

लग्न वैशाखात झालं. यमुनेनं बापाकरवी एक अट घातली होती. गाडी धाकट्यानंच हाकायची, पण अकोल्यापासून अमरावतीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. दादानं ती हसत हसत मान्य केली.

आषाढात पटकीची साथ आली. दादा दोन दिवसांत गेला. मी खामगावला उरल्यासुरल्या कापसाच्या गाड्या घेऊन गेलो होतो, पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. लग्नानंतर मी वाटेवरच असायचो, त्यामुळं त्या दोघांसाठी माझ्या हातून घडलेलं शेवटचं काम म्हणजे वरातीची ती गाडी हाकणं.

बडनेरा मागं पडलं तेव्हा पाठीमागं वहिनी दादाला म्हणाल्या, "आता माह्याकडून बोला. म्या या घरात काऊन येऊ नये, ते सांगा. म्या बराबर म्हनीन तवा तुमचं."

दादा मांडू लागला. तुझ्या बापाला एकटं सोडावं लागलं. मळा सुटला. मास्तरचं घर, दिवसभर पुस्तकं. वहिनी म्हणत, "अजून ऱ्हायलं." दादा अजून सांगे. दीर अर्धवट डोक्याचा आहे, हेही त्यानं सांगितलं. त्यावर त्या चटकन "बराबर" म्हणाल्या.

"आता माझं ऐक," दादा म्हणाला, आणि समोर अंबा वेस दिसली. वेशीबाहेर आमचं घर. दारात आई भाकरतुकडा आणि दिवा घेऊन उभी, शेजारणी गोळा झालेल्या. बैल आपोआप घराकडं वळले.

मी कासरा ओढला. गाडी दारावरून सरळ पुढं नेली.

"अरे किसन्या, घर इकडं हाय," आई ओरडली.

बोलायला मला बंदी होती. मी परकोटाच्या भिंतीकडेनं बैल लावले, अगदी हळू. सबंध शहराला वळसा घातला. घंटा वाजू नये म्हणून ढवळ्याच्या गळ्यातली ती हातात धरून पायीच चाललो. मागं दादा बोलत होता, आणि मी एक अक्षर ऐकलं नाही. ते माझ्यासाठी नव्हतं.

फिरून दाराशी आलो. आई शेजारणीला म्हणत होती, "आमच्या धाकट्याले स्वोताचं घरबी सापडत नाई, बाई." सगळ्या हसल्या. मी थांबलो, कान दिला. दादाचं अजून चाललंच होतं.

मी बैल पुन्हा परकोटाकडं वळवले.