डाव्या हाताचा बेस

युसूफभाईंच्या मुलीचा, शबानाचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या बँकेत हयातीचा दाखला द्यायला बसलो होतो. पेन्शनर माणसाला दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं, आणि त्या दिवशी माझी बोटं त्या छोट्या मशीनला काही केल्या पटत नव्हती. खिडकीतली मुलगी म्हणत होती, "काका, बोट पुसून परत ठेवा." मी पुसत होतो, ठेवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. "चाचा, अब्बा गेले. दुपारच्या नमाजनंतर नेतील. तुम्ही निघा." दाखला तसाच सोडून मी उठलो. धुळ्याची एसटी लगेच मिळाली, पण एरंडोलच्या पुढे एक ट्रक आडवा झालेला, गाडी तासभर जागची हलली नाही. धुळ्यात उतरलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. मोहल्ल्याच्या तोंडाशीच माणसं कबरस्तानातून परत येताना भेटली, टोप्या खिशात घालत, हळू आवाजात बोलत. त्यातल्या एकाने मला ओळखलं. "मास्तर, उशीर केला भो," तो म्हणाला. युसूफभाईंच्या बाबतीत मला उशीर होण्याची ही पहिली वेळ नव्हती, पण ते पुढे सांगतो.

युसूफभाई बेस गिटार वाजवत. आमच्याकडे हे वाक्य लिहिलं की खुलासा करावा लागतो. दिसायला गिटारच, पण लांब, जड, चारच तारांची आणि खालच्या आवाजाची. तो आवाज कानापेक्षा पोटात जास्त कळतो. वाजत असताना त्याच्याकडे कोणी बघत नाही, थांबला की मात्र गाणं पोकळ होतं. धुळ्यात नाना म्हणून एक गृहस्थ ऑर्केस्ट्रा चालवत. लग्नं, हळदी, गावोगावचे उत्सव. मी मूळचा सावद्याचा, जळगावच्या एका शाळेत क्लार्क, आणि सुट्ट्यांमध्ये नानांकडे आधी पेटी आणि मग कीबोर्ड वाजवायचो. त्यामुळे मी कधी एक धडा शिकवला नसला तरी धुळ्यात सगळे मला मास्तरच म्हणत.

युसूफभाई ऑर्केस्ट्रात आले ते वादक म्हणून नव्हेच, सुतार म्हणून आले. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या लाकूडकाम, वडील पलंगाचे पाय कातायचे. नानांनी बऱ्हाणपूरच्या कुठल्याशा मोडलेल्या पार्टीकडून एक गिटार आणली होती आणि तिला चारच तारा होत्या. दोन तुटल्या असतील, त्यांच्या खुंट्याही पडल्या असतील, असं आम्ही सगळ्यांनी एकमताने ठरवलं. युसूफभाईंना बोलावलं. त्यांनी दोन दिवस खपून तिच्या डोक्याला दोन नवी भोकं पाडली, खुंट्या बसवल्या, आणि काम इतकं सफाईदार केलं की नवीन भोक कुठलं ते ओळखू येईना. सहा तारा चढवल्या. पुढे नाशिकचा एक गिटारवाला कार्यक्रमाला आला, त्याने ते वाद्य हातात घेतलं आणि खोक्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "अरे, बेसला सहा तारा लावल्या तुम्ही!" आम्ही सगळे खाली बघायला लागलो. युसूफभाई मात्र त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि तासभर विचारत राहिले... मग हे काय आहे, कशासाठी असतं, कसं धरायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती भोकं सागाच्या खुंट्या ठोकून बुजवली आणि नानांना म्हणाले, "मीच बिगाडं ना, मंग वाजाडसु बी मीच."

शिकवणारं कोणी नव्हतं. टेपरेकॉर्डरच्या स्पीकरवर तळहात ठेवून ते गाण्यातला बेस हाताने ऐकायचे. मग ती ओळ तोंडाने गुणगुणत पांझरा नदीच्या पुलावरून चालत जायचे, पावलागणिक एक सूर, आणि पाऊल चुकलं तर परत पुलाच्या टोकापासून. मलाही त्यांनी असंच चालवलं आहे. "मास्तर, आधी पायाला शिकव, हात मागून येतो," असं म्हणायचे. आम्ही दोघे भरदुपारी पुलावर हूं हूं करत चाललोय हे बघून एका ओळखीच्या डॉक्टरांनी स्कूटर थांबवली होती आणि काळजीने विचारपूस केली होती. बेस ढोलकीच्या पुढे धावला की गाणं धापा टाकतं, किंचित मागून आला की गाणं टेकून बसतं, हे मला त्या पुलावर समजलं. संगीतातलं मला जे काही थोडंफार कळतं त्यातलं निम्मं तिथलंच आहे.

स्वभावाने ते काही देवमाणूस वगैरे नव्हते. फुगून बसायचे, चहात साखर कमी पडली तरी चेहरा पडायचा, आणि गिटारवाल्यांविषयी त्यांची मतं छापण्यासारखी नाहीत. पण कामात चोख. खेड्यापाड्यातली वीज म्हणजे बेसमध्ये सतत घूंऽ आणि तारेला हात लावला की झटका. म्हणून गाडीतून उतरलं की आधी ते हातपंपाजवळची ओली जागा शोधायचे, एक लोखंडी सळई हातोड्याने जमिनीत उतरवायचे, तिला वायर बांधायचे आणि वर बादलीभर पाणी ओतायचे. अर्थिंग! बोदवडकडच्या एका गावात त्या सळईला कोणीतरी बाई हळदकुंकू वाहून गेली. युसूफभाईंनी कार्यक्रम संपेपर्यंत ते पुसलं नाही.

मग पंधराएक वर्षांनी त्यांनी स्वतःची बेस घ्यायचं ठरवलं, आणि मला इंदूरला बरोबर नेलं. दुकानदाराने आठ बेस भिंतीवरून काढून दिल्या, प्लग लावून दिला. युसूफभाईंनी प्लग काढून टाकला. एकेक बेस मांडीवर घेत, तार छेडत आणि तिच्या लाकडाच्या टोकाला चक्क दात टेकवत. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. "मशीनमधून सगळ्याच चांगल्या वाजतात," युसूफभाई म्हणाले, "लाकूड हाडात वाजायला पाहिजे." पट्टा गळ्यात अडकवून दर बेसबरोबर दहा दहा मिनिटं नुसते उभे राहिले, खांदा काय म्हणतो ते बघायला. चार तासांनी निवडली ती सगळ्यांत कुरूप, कुठल्यातरी चॉकलेटी रंगाची. आणि घरी आणल्या आणल्या ती सगळी खोलली. काचेच्या तुकड्याने तिची मान खरवडून बारीक केली, तारा जिच्यावर टेकतात ती प्लास्टिकची पट्टी काढून हाडाची घासून बसवली, तारा इतक्या खाली आणल्या की बोट नुसतं टेकलं तरी सूर यावा, आणि घूंऽ येऊ नये म्हणून आतला सगळा पोकळ भाग तांब्याच्या पत्र्याने मढवला. तीन महिने चाललं होतं. लोक घर बांधतात तेव्हा रोज जाऊन बघतात, तसा मी सुट्टी मिळाली की धुळ्याला जाऊन ती बेस बघायचो.

आता सुरुवातीला म्हटलेला तो पहिला उशीर सांगतो. त्याच वर्षी नानांनी नवा कीबोर्ड घेतला. त्याच्या डाव्या बाजूच्या पट्ट्यांवर बेसचा आवाज लावता यायचा. एका दुपारी मी एकटाच तो तपासत बसलो होतो, नाना शेजारी येऊन उभे राहिले. "मास्तर, तुना डावा हात काय करस रे? रिकामाच ऱ्हास ना?" मी म्हटलं, "हो, तसा रिकामाच." "मंग बेस त्यानावरच व्हई जाई. गाडीमा एक मानूस कमी. जमी ना तुले?" जमणार नाही म्हणता आलं असतं. नाना हट्टी नव्हते, त्यांनी मान हलवली असती आणि विषय संपला असता. पण मला तो नवा कीबोर्ड आवडला होता, आणि मला जमतं हे दाखवायचं होतं. मी म्हटलं, "हो, जमेल." आणि युसूफभाईंनीच पुलावर शिकवलेली एक ओळ डाव्या हाताने वाजवून दाखवली.

दोन दिवसांनी युसूफभाईंना हे कळलं तेव्हा मी काय सांगितलं, तर, "नानांनी परस्पर ठरवलं हो, माझं काय चालणार?" "बरं," युसूफभाई म्हणाले. मग आत गेले आणि ती लोखंडी सळई घेऊन आले. "ही ठेव गाडीत. शॉक लागेल तुम्हाला." मी ती सळई घेतली... आणि एसटीत पायांशी धरून बसलो.

नंतर अमळनेरला त्यांच्या साडूच्या शेजारी लग्न होतं, तिथे दुपारी आमचा कार्यक्रम. युसूफभाई पाहुण्यांत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर नानांकडे ढुंकूनही न बघता सरळ माझ्याकडे आले. मला वाटलं, आज ऐकवणार. ते म्हणाले, "दुसऱ्या गाण्यात घाई करतो तू. ढोलकीच्या मागून ये. आणि हळू काय वाजवतो, चोरी केल्यासारखं? वाजवतोय तर दाबून वाजव." मी तसं केलं. त्यानंतर लोक म्हणायला लागले, मास्तरांचा डावा हात फार गोड आहे. त्या वाक्यावर मी कितीदा हसून हात जोडले असतील, आज आठवलं की लाज वाटते. चोरी हा शब्द त्यांनी सहज वापरला की जाणून, ते मला आजतागायत माहीत नाही.

नानांचा ऑर्केस्ट्राही काही टिकला नाही. डीजे आले आणि सगळ्यांचेच हात रिकामे झाले. युसूफभाई पलंग, दिवाण, ड्रेसिंग टेबल करत राहिले. कारखान्यात दुपारची जेवणं झाली की जुन्या रेडिओला जोडून अर्धा तास बेस वाजवायचे, एकटेच. मी धुळ्याला गेलो की त्या अर्ध्या तासात जाऊन बसायचो आणि दर वेळी ठरवायचो, आज सांगून टाकू. गेल्या सप्टेंबरात शेवटचा गेलो. बरेच वाळले होते, दम लागत होता. मी सुरुवातही केली, "युसूफभाई, नानांच्या त्या वेळी ना..." ते कोणाच्या तरी बेसची हाडाची पट्टी घासत होते. "मास्तर, ही तार बघ जरा, खाली घासते का? माझे कान आता गेले," म्हणाले. मी वाकून तार बघितली. घासत नव्हती. तसं सांगितलं. मग चहा आला, मग माझी गाडी निघायची वेळ झाली, आणि मला खरं म्हणजे सुटल्यासारखंच वाटलं.

त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला परत गेलो. शबानाने ती चॉकलेटी बेस माझ्यापुढे ठेवली. "चाचा, वाजवा ना थोडं. घर फार गप्प झालंय." मी ती मांडीवर घेतली. इतकी वर्षं ती समोर होती पण मी कधी हातात घेतली नव्हती. डाव्या हाताची बोटं तारेवर ठेवून दाबली, आणि अक्षरशः कळ आली. तारा एवढ्या खाली आणलेल्या असूनही दोन मिनिटांत बोटांच्या टोकांवर खोल रेघा उमटल्या, हात भरून आला. सूर निघाला तोही फाटका. बावीस वर्षं मी लोकांना बेस वाजवून दाखवतो आहे आणि एकदाही बोट दुखलेलं नाही... शबाना म्हणाली, "राहू द्या चाचा, दमलात तुम्ही." मी खरंच दमलो होतो. त्या दिवशी मिळेल ती बस पकडून जळगावला आलो आणि दोन दिवस घराबाहेर पडलो नाही.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात रविवारी सकाळी जुनी गाणी होतात. गाणाऱ्या पाटीलबाई, कीबोर्डवर मी. मागच्या रविवारी त्यांनी सूर धरला, माझा डावा हात सवयीने खालच्या पट्ट्यांवर गेला. मी तो उचलून मांडीवर ठेवला आणि नुसत्या उजव्या हाताने वाजवायला लागलो. दोन ओळी झाल्यावर पाटीलबाई थांबल्या. "काय हो, हात दुखतोय का?"

"नाही."

"मग खालचं वाजवा ना नेहमीसारखं. रिकामं रिकामं वाटतंय."

त्या दुपारी नानांनी विचारलं तेव्हा जे बोलायचं होतं ते आता तोंडातून निघालं. मी म्हटलं, "ती जागा युसूफभाईंची आहे. मी नाही वाजवणार."

पाटीलबाईंनी चष्मा पुसला, परत लावला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "कोण युसूफभाई?"

मी कीबोर्ड बंद केला आणि सांगायला बसलो. गाणी त्या दिवशी झालीच नाहीत. पूल सांगितला, इंदूर सांगितलं, आणि नानांना मी "हो" म्हटलं होतं, तेही सांगितलं.