जड आधी पडतं

पेणच्या शाळेत दरवर्षी गुरुत्वाकर्षणाचा धडा काढला की मी एकच प्रश्न विचारते आणि दरवर्षी तेच उत्तर मिळतं. एका मापाच्या दोन गणपतीच्या मूर्ती, एक शाडूची, एक प्लास्टरची. दोन्ही हातांतून एकदम सुटल्या, तर जमिनीवर आधी कुठली येईल? वर्गातली निम्मी मुलं गणपतीच्या कारखान्यांतून वाढलेली. मूर्ती हातातून सुटणार म्हटल्यावर आधी त्यांचे चेहरेच उतरतात. मग एका सुरात उत्तर येतं, शाडूची. का, तर ती जड. त्यातलं एखादं उठून छातीठोकपणे सांगतं, "आमचे पप्पा सांगतात, मॅडम."

मी विचारते, पप्पा नेमकं काय सांगतात? त्यांचेच शब्द सांग. मूल गडबडतं. पप्पांनी एवढंच सांगितलेलं असतं, की शाडूची मूर्ती जड आहे, दोन्ही हातांनी धर. आधी पडेल हे पोराने स्वतःच्या पदरचं घातलेलं असतं. वर्ग हसायला लागतो, त्याला मी गप्प करते. त्या उत्तराला कुणी हसलेलं मला खपत नाही, कारण पंधराव्या वर्षी मी तेच केलं होतं आणि त्याची किंमत माझ्या आईने मोजली होती.

आमचं गाव खांब नाक्यापासून आत, कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात करणारं. शाळा रोह्यात. वडील धाटावला कंपनीत कंत्राटी, त्यामुळे पहिली शिफ्ट असली की त्यांच्या गाडीवर धाटावपर्यंत आणि पुढे रिक्षा, नाहीतर एसटी. दहावीचे जादा तास मे महिन्यातच सुरू झाले होते. विज्ञानाचे सर घाटावरून आलेले, शिस्तीचे. शिकवायचे स्वच्छ, पण त्यांच्या वर्गात प्रश्न फक्त त्यांनी विचारायचे असा नियम होता.

त्या दिवशी त्यांनी एका हातात डस्टर धरलं, दुसऱ्यात खडू. दोन्ही सोडले. टक्क असा एकच आवाज आला. "जड असो, हलकं असो, एकाच वेळी पडतं," सर म्हणाले. "लिहून घ्या."

माझ्या वहीत ते उतरेना. रोज संध्याकाळी खळ्यावर मी डोळ्यांनी बघत होते. आई तीन पायांच्या उंच तिवईवर उभी राहून सुपातून भात खाली सोडते. भरलेला दाणा तिच्या पायाशी सरळ पडतो आणि पळिंज, म्हणजे आत तांदूळच न धरलेलं पोकळ भात, तरंगत जाऊन लांब पडते. दोन्ही दिसायला सारखी, फरक फक्त वजनाचा. मी उभी राहिले.

"नाय सर. जड आधी पडतं."

"नाय नाही, नाही म्हण. कुणी सांगितलं?"

आता इथे मला म्हणता आलं असतं की मी बघितलंय. पण पंधरा वर्षांच्या पोरीचं बघणं कोण विचारतंय? मोठ्या माणसाचा आधार हवा म्हणून मी ठोकून दिलं, "माझी आई सांगते. ती उपणते ना, तिला माहीत हाय."

"तुझी आई अडाणी आहे," सर म्हणाले. अगदी सहज, हजेरी घेताना बोलावं तसं. "बोर्डाचा पेपर ती तपासणार आहे का? बस खाली."

वर्ग खो खो हसला. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या आया त्याच वेळी कुठल्या ना कुठल्या खळ्यावर हात वर करून उभ्या होत्या. त्या हसण्याचा मला अजून राग येतो, सरांच्या शब्दापेक्षा जास्त. मी खाली बसले आणि ठरवून टाकलं की हा शब्द सरांना परत घ्यायला लावायचा, आणि तोही आईच्या कानावर जायच्या आत.

घरी गेले तर आई तिवईवर होती. मी टोपलीने तिच्या सुपात भात ओतत होते. शाळेतलं काही बोलले नाही, आडवळणाने विचारलं, "आई, जड आधी पडतं ना गो?"

"काय?"

"भात आधी पडतं नि पळिंज मागून. जड म्हणून. व्हय ना?"

"असं मी कवा बोलले?" तिने हात खाली घेतले. वारा पडला होता, त्यामुळे नाहीतरी थांबायचंच होतं. "पळिंज मागून नाय पडत, लांब पडते. वारा नेतो तिला. वारा नसला तर कोण उपणतंय? बघ."

आणि तिने बिनवाऱ्याचं एक सूप खाली ओतलं. भात आणि पळिंज एकाच जागी, एकमेकांत मिसळून, एक ढीग. "जड-हलकं वारा निवडतो. मी नुसती सोडते. आता हे परत भर, तुझ्यापायी," ती म्हणाली आणि वाऱ्याची वाट बघत पदराने तोंड पुसू लागली.

मला भयंकर राग आला. एक तर सर बरोबर निघत होते. त्याहून वाईट म्हणजे आई कधीच चुकली नव्हती. चुकले होते मी, आणि माझी चूक तिच्या तोंडी घालून मी भर वर्गात तिला अडाणी म्हणवून घेतलं होतं. पण हार मानायचा माझा स्वभाव नाही. पडवीचं दार लावून घेतलं, माळ्यावर चढले आणि एक भरलेला दाणा, एक पळिंज एकदम सोडली. चार-पाचदा सोडली. पळिंज जरा मागे राहतच होती. इथे तर वारा नव्हता! सर चुकले म्हणून मी माळ्यावर एकटीच टाळी वाजवली.

ती खुशी दुसऱ्या सकाळपर्यंत टिकली. वडिलांच्या गाडीवर मागे बसले होते. रस्त्याकडेच्या सागाचं पान हलत नव्हतं, आणि माझ्या तोंडावर तर वारा सपसप लागत होता. म्हणजे वारा नसला तरी जो पळतो त्याला वारा लागतोच. पळिंजीलाही पडताना खालून लागत असणार. भरलेला दाणा तो वारा कापत जातो, तिला नेट नाही. धाटावचा नाका येईपर्यंत माझी कालची टाळी पुरती वाया गेली होती.

मग तो वारा काढून कसा टाकायचा? पुस्तकात निर्वात नळी होती. आमच्या शाळेत परीक्षानळ्या होत्या त्याही तडकलेल्या. उत्तर मिळालं ते धांदरटपणामुळे. संध्याकाळी आईने दमून मला तिवईवर चढवलं, आणि सूप माझ्या हातातून निसटलं. उलटं झालं नाही, आडवंच्या आडवं खाली गेलं आणि थाडकन आपटलं. आईने माझा उद्धार केला. मी मात्र सुपात बघत होते. आत मूठभर भात होतं आणि पळिंजही होती. ती उडून गेली नव्हती, वर मागे राहिली नव्हती. सुपाने खालचा वारा अडवला, तशी ती हलकी पोकळ पळिंज भरल्या दाण्याच्या बरोबरीने खाली आली होती. मी पुन्हा सूप सोडलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आईने माझा हात धरला. "मोडशील गो! दुसरं फाटकं हाय, ठावं हाय ना?"

सकाळी ते चांगलं सूप मी न सांगता उचललं. एसटीत कंडक्टर म्हणाला, "कोणाचं लगीन हाय?" आमच्याकडे सूप असं मिरवत नेतात ते लग्नातच.

वर्गात सरांनी प्रयोग करून दाखवायला परवानगी दिली. का दिली कुणास ठाऊक, बहुतेक गंमत वाटली असावी. मी बाकावर चढले, दाणा आणि पळिंज आधी सुटी सोडून दाखवली, मग दोन्ही सुपात ठेवून सूप सोडलं. समोरच्या मुलींनी वाकून बघितलं. दोन्ही सुपातच.

"शाब्बास," सर म्हणाले. "म्हणजे मान्य? मी सांगितलं तेच बरोबर?"

"मान्य सर. मी चुकले. पण माझी आई चुकली नव्हती. जड आधी पडतं असं ती कधी बोललीच नाय, ते मी तिच्या नावावर खपवलं. पळिंज वारा नेतो, वारा नसला की सगळं एकाच जागी पडतं, हे तिनेच मला सांगितलं. तर तुम्ही तिला अडाणी म्हणालात, तो शब्द परत घ्या."

सरांचे कान लाल झाले.

"खाली बस."

"शब्द परत घ्या, बसते."

त्यांनी माझ्या हातातून सूप घेतलं आणि कपाटावर ठेवून दिलं. "पालकांना घेऊन ये. मग मिळेल."

मी बसले नाही. तो तास उभी राहिले, दुसऱ्या दिवशीचा तास उभी राहिले. उभ्यानेच वही हातावर धरून उतरवून घेतलं, पृथ्वी जड वस्तूला जास्त ओढते हे खरं, पण जड वस्तू जागची हलायलाही तेवढीच कठीण, म्हणून दोघींचा वेग सारखाच वाढतो. शिकवलं त्यांनी छानच. त्याने माझा राग कमी झाला नाही. मैत्रिणी म्हणत होत्या, बस ना गो, प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात आहेत. ते मला कळत होतं. मला सायन्सला जायचं होतं हेही सरांना माहीत होतं. पण खरी अडचण वेगळीच होती. पालक आणायचे म्हणजे वडील, तर ते सरांचीच बाजू घेणार. आणि आईला आणायचं म्हणजे जो शब्द तिच्यापासून लपवायचा, तो तिच्यासमोरच काढायचा. घरी आई फाटक्या सुपाने उपणत होती, अर्धं भात भोकातून गळत होतं. सूप शाळेत वाऱ्याच्या प्रयोगाला दिलंय एवढंच मी तिला सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी तास निम्म्यावर आला असेल. दारात आई उभी. पदर खोचलेला, केसांत तूस तसंच. गाडी कुठली मिळाली, वर्ग कसा सापडला, देव जाणे.

"सर, सूप पायजे होतं."

सरांनी घाईने स्वतःची खुर्ची पुढे केली. "या, बसा. बरं झालं आलात. तुमची मुलगी तीन दिवस माझ्या तासाला बसत नाहीये. हट्टाने उभी आहे."

आईने माझ्याकडे बघितलं. "कशासाठी उभी हाय?"

त्या क्षणी पहिल्यांदा मला वाटलं की आपण बसलो असतो तर बरं झालं असतं. आई काही घाई करत नव्हती. खळ्यावर वाऱ्यासाठी थांबते तशी थांबली होती.

"मी तुम्हाला एक शब्द बोललो, असं तिचं म्हणणं आहे," सर शेवटी म्हणाले.

"कंचा?"

वर्गातल्या प्रत्येकाला तो शब्द ठाऊक होता. कुणाची उच्चारायची छाती होईना. आईच्या तोंडाकडे बघून तो सरांनाही जड जात होता.

"अडाणी," ते हळूच म्हणाले.

"मग?" आई म्हणाली. "मी शाळेत गेलेच नाय. ते खरंच हाय." आणि जरा थांबून, "पण पोरीने वाऱ्याचं सांगितलं, ते खोटं होतं का?"

"नाही. बरोबर होतं. पुस्तकात आहे तेच."

"मग तिला उभी कशाला केली?"

सर खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून राहिले. मग आईकडे बघून, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकलं माझं. तो शब्द मी परत घेतो. बसा तुम्ही."

त्यांना मी माफ केलं असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. केलेलं नाही. पण माणसाने शब्द परत घेतला, तोंडावर घेतला, हे मी कुठेही सांगते.

"पहिली ती बसू दे," आई म्हणाली.

मी बसले. आई मात्र बसली नाही. ती कपाटावर बघत होती. शेवटी सरच त्या पुढे केलेल्या खुर्चीवर चढले आणि सूप खाली काढून दोन्ही हातांनी तिला दिलं. त्यावर खडूची पांढरी भुकटी बसली होती. आईने दोन टिचक्या मारून ती झटकली.

"येते," ती म्हणाली. "वारा सुटलाय."