देओलिंदाच्या दारचा सोनटक्का

पन्नाशीला टेकल्यावर देओलिंदाला डोंगरावर रानसफाईचं काम मिळालं. काम एकच, पिवळ्या सोनटक्क्याचे गड्डे खणून काढायचे. त्यानं सगळं रान गिळलं होतं. काळ्या टोपीचा, करड्या अंगाचा प्रिओलो पक्षी साओ मिगेल बेटावरच्या त्या रानाखेरीज जगात कुठेच नाही, आणि त्याला खायला ना कळ्या उरल्या होत्या, ना नेचे.

"आमची देओलिंदा चिमणीच्या घरी मोलकरीण लागली!" शेजारची फिलोमेना भर चर्चच्या दारात म्हणाली. देओलिंदा हसली. तिला काम आवडत होतं.

पण ऑगस्ट उजाडला आणि तिच्याच अंगणात सोनटक्का फुलला. लग्नाच्या वर्षी ग्वाल्तेरनं, तिच्या नवऱ्यानं, हौसेनं लावलेला. त्याच्या लाल बिया पाखरं डोंगरावर नेतात, हे तिला आता ठाऊक झालं होतं. दिवसभर जे उपटायचं, तेच घरी येऊन हुंगायचं! नवऱ्याला सांगायला मात्र जीभ रेटेना.

"सूपमध्ये दोनदा मीठ पडलंय," एका संध्याकाळी ग्वाल्तेर म्हणाला. "काय बिनसलंय तुझं?"

तिनं सांगून टाकलं. तो उठला आणि गाईचं पाणी बघायला गेला. दुखावला, तिला वाटलं.

रविवारी सकाळी कुदळीच्या आवाजानं तिला जाग आली. निम्मा ताटवा आडवा झाला होता.

"अरे, मी काढला असता!"

"मी लावला, मीच काढणार."

तिचे डोळे भरून आले.

"रडतेस काय? मला त्या वासानं शिंका यायच्या."

"सव्वीस वर्षं?"

"मग? तू खिडकी उघडून बसायचीस. बंद कर म्हणून कसं सांगू?"

ती रडता रडता हसली आणि दुसरी कुदळ घेऊन त्याच्या शेजारी वाकली.

हिवाळ्यात ती त्याला वर घेऊन गेली. बऱ्याच वेळानं वाटेकडेच्या नेच्यावर एक प्रिओलो येऊन बसला आणि जाडसर चोचीनं पानं कुरतडू लागला.

"एवढासा?" ग्वाल्तेर कुजबुजला. "ह्याच्यापायी माझी कंबर मोडली?"

तेवढ्यात बारीक पाऊस सुरू झाला. देओलिंदानं त्याची बाही ओढली, "चल, भिजशील."

"थांब गं," तो म्हणाला. "त्याचं खाणं होऊ दे."