हा मजकूर नाही

कॉम्प्युटरचा विषय निघाला की लोकांना प्रगती वगैरे आठवते. मला आमच्या गावच्या दूध संस्थेच्या हॉलमध्ये हसणारी माणसं आठवतात, आणि एवढं वय झालं तरी माझे कान तापतात.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वर दोन खोल्यांचं कॉम्प्युटर सेंटर होतं, तिथं मी शिकवायला होते. चपला बाहेर काढायच्या, पडदे ओढलेले ठेवायचे, आत आलेल्यानं हळू बोलायचं, असा सगळा देवघराचा थाट. माझं गाव गडमुडशिंगीच्या पलीकडं. तिथून मी रोज बसनं ये-जा करायची. आमच्या भावकीत पोरीनं बारावीच्या पुढं शिकणं म्हणजे घराला नसती उठाठेव वाटायची. वडील लवकर गेलेले. थोरले चुलते, ज्यांना मी काका म्हणायची, ते एकटे माझ्या बाजूनं उभे राहिले. "पोरगी काम्प्युटर शिकंल. कुणाला काय बोलायचंय त्यानं माझ्याम्होरं यिऊन बोलावं," असं त्यांनी चावडीवर सांगितलं. कोणी आलं नाही. काका दूध संस्थेचे चेअरमन होते आणि त्यांचा आवाज गोठ्यातनं बोलले तरी वेशीपर्यंत जायचा.

संस्थेचा रौप्यमहोत्सव आला तेव्हा काकांनी हट्टानं संस्थेत कॉम्प्युटर आणवला, त्यात मराठी अक्षरं उमटवणारं जादा कार्डही बसवून घेतलं. विरोधी गटाला आयतंच कोलीत मिळालं. पुतणीला खेळणं आणलंय, असं ते उघड म्हणायला लागले. काका भडकले आणि भर बैठकीत बोलून गेले, "उद्घाटनादिवशी माझं मनोगत सगळ्या गावासमोर त्यो काम्प्युटर मराठीत छापून देईल. न्हाय दिलं तर माझं तोंड बघू नका." त्यांचा शब्द असा माझ्या हातात येऊन पडला.

मनोगत त्यांनी मला तोंडी सांगितलं. काका चौथी शिकलेले. आजवरची त्यांची सगळी भाषणं शाळेच्या मास्तरांनी लिहून दिलेली. ती वाचताना जोडाक्षर आलं की त्यांची गाडी अडायची, मग ते खाकरायचे. या वेळी मीच म्हटलं, मास्तरांचं नको, तुम्ही बोलता तसंच घालू. त्यांना पटेना. "ह्ये असलं छापत्यात व्हय? लोक हसतील की." मी म्हटलं, हसतील तर हसू देत. मग ते गोठ्याच्या कट्ट्यावर बसून सांगत गेले आणि मी लिहीत गेले. "पयल्या दिवशी दूध घालाय चार जण आलतं, आणि बघाय सारा गाव आलता." "दुधात पाणी घालणारा माणूस मी सांभाळून घेटला, पर म्हशीवर काठी उचलणाऱ्याला संस्थेत पाय ठेवू दिला न्हाय." सांगताना ते मधेच लाजायचे. इतका दांडगा माणूस लाजताना मी पहिल्यांदाच पाहत होते. सेंटरमधल्या यंत्रातही तसलंच मराठीचं कार्ड होतं, त्यावर मी ते शब्दन् शब्द टाईप केलं, आणि मला वाटलं, मी फार मोठं काम केलंय.

आता माझ्या दुसऱ्या मोठ्या कामाबद्दल.

सेंटरमध्ये फ्लॉप्या कुठून कुठून यायच्या. एखाद्या फायलीत पत्र असायचं, एखादीत यंत्रानं चालवायचा प्रोग्राम. नावावरनं काही कळायचं नाही. प्रोग्रामची फाईल चुकून प्रिंटरला दिली की प्रिंटर पिसाळायचा. शिट्ट्या मारायचा, बदाम, इस्पिक, हसरे चेहरे छापायचा, कागदाची गुंडाळी खोलीभर ओकायचा. यावर मी तोड काढली. फायलीत खरं तर अक्षरं नसतातच, आकडे असतात. इंग्रजी मजकुरातलं प्रत्येक अक्षर एकशे अठ्ठावीसच्या खालच्या एखाद्या आकड्यानं ठेवलेलं असतं. प्रोग्रामच्या फायलीत मात्र वाट्टेल ते आकडे येतात. म्हणून माझा छापायचा प्रोग्राम आधी फाईल उघडून थोडी चाखायचा. वरचे आकडे जास्त सापडले की तो छापायचं नाकारायचा आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ यायची: धिस इज नॉट टेक्स्ट. म्हणजे, हा मजकूर नाही. ही युक्ती मी एका परदेशी पुस्तकातनं उचलली होती, पण सेंटरमध्ये सगळ्यांना सांगताना स्वतःचीच असल्यासारखी सांगायची. माझ्या हाताखालनं आता कचरा छापला जाणार नाही, याचा मला ताठा होता.

उद्घाटनाला हॉल भरला होता. बाया दाराशी, पुरुष सतरंजीवर, विरोधी गट मागं भिंतीला टेकून. कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, पडद्यावर हार चढवला. नारळ मात्र मी बाहेर पायरीवर फोडायला लावला, पाणी उडेल म्हणून. काका फेटा बांधून खुर्चीवर बसलेले. मी फ्लॉपी घातली, माझा लाडका प्रोग्राम सुरू केला आणि काकांच्या मनोगताची फाईल त्याला दिली.

पडद्यावर ओळ आली. धिस इज नॉट टेक्स्ट.

मी परत दिली. परत तीच ओळ.  मागनं काका म्हणाले, "काय म्हणतंय गं?" मी फायलीचं नाव परत परत तपासत राहिले. मागच्या भिंतीपासनं विरोधी गटातला एक पदवीधर उठून पुढं आला. कोल्हापुरात कचेरीत नोकरीला होता, माझ्याखेरीज इंग्रजी वाचणारा तिथं तेवढा तोच. त्यानं हाराच्या मधनं वाकून वाचलं आणि वळून सगळ्यांना सांगितलं, "काम्प्युटर म्हणतोय, चेअरमननी लिवलंय त्यो मजकूरच न्हाय."

हॉल हसला. दाराशी बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. 

काका उठले. मला वाटलं आता माझी खैर नाही. पण त्यांनी माईक घेतला आणि म्हणाले, "पावणं, हसा की. चूक काम्प्युटरची न्हाय, आणि पोरीची तर न्हायच न्हाय. चूक माझी हाय. मी पडलो अडाणी माणूस. वाट्टंल तसं बोललो, पोरीनं माझा मान राखून तसंच घाटलं. शिकलेलं मशीन हाय ते, त्याला माझं बोलणं कसं चालंल?" लोक परत हसले, पण आता मायेनं. टाळ्या पडल्या. पेढे वाटले गेले. विरोधी गटानंही पेढे खाल्ले. काकांनी सभा सावरली, माझी अब्रू वाचवली, आणि त्यासाठी स्वतःची जीभच मोडीत काढली.

आणि मी? मी सुटकेचा श्वास टाकला. ते चुकीचं बोलताहेत असं मला वाटलं, पण नक्की काय चुकलंय ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून गप्प बसले. गप्प बसणं सोयीचं होतं हेही खरं. त्याची लाज वेगळी.

दुसऱ्या दिवशी सेंटरमध्ये फाईल उघडली आणि चूक डोळ्यांसमोर आली. मराठीच्या कार्डात इंग्रजी अक्षरांनी खालची जागा आधीच अडवलेली, म्हणून आपली सगळी बाराखडी एकशे अठ्ठावीसच्या वर बसवलेली होती. अ पासून ज्ञ पर्यंत सगळं वर. माझ्या प्रोग्रामच्या लेखी मराठी म्हणजे झाडून सगळा कचरा. सेंटरमध्ये हे उघडकीला आलं नाही, कारण तिथं मराठी छापायचं सॉफ्टवेअर वेगळं होतं, संस्थेत ते नव्हतं. आणि माझा प्रोग्राम मी ज्या फायलींवर तपासला, त्या सगळ्या इंग्रजी. पुस्तकात होती तसली वाक्यं मी कोल्हापुरात बसून टाईप केली होती. मांजर चटईवर बसली, कोल्हा कुत्र्यावरनं उडी मारतो. एक मराठी ओळ घालून बघावी असं एकदाही मनात आलं नाही. घरी मराठी, बसमध्ये मराठी, स्वप्नात मराठी, आणि मजकूर म्हटल्यावर इंग्रजी. 

दुरुस्ती एका ओळीची होती. मनोगत झकास छापून आलं. ते घेऊन मी संध्याकाळी तडक संस्थेत गेले. काका एकटेच होते. त्यांनी पानं हातात घेतली, उलटीपालटी केली, "चांगलं आलंय की," म्हणाले आणि बाजूला ठेवली. मग खिशातनं दुसरा कागद काढला. मास्तरांकडनं लिहून आणलेला. "दुग्धव्यवसायाची मुहूर्तमेढ रोवतेसमयी सभासदांचा प्रतिसाद अत्यल्प होता," अशी सुरुवात होती. "रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत ह्ये घाल. ह्ये त्याला चालंल."

मी म्हटलं, "काका, तुमचं काय बी चुकलेलं न्हाय. चूक माझ्या प्रोग्रामची हाय."

"तू तसंच म्हणणार की. माझी बाजू घिऊ नगंस."

समजावून सांगितलं तरी पटेना. उलट ते मलाच धीर द्यायला लागले. असतं बाळ असं, शिकलेल्याचं आणि अडाण्याचं जमत नसतं. ते अगदी शांत होते. आयुष्यभर कोणी ना कोणी त्यांना हेच सांगत आलेलं, आता यंत्रानंही सांगितलं, त्यात नवल ते काय. ती त्यांची शांतता मला सोसवेना. मी हट्टाला पेटले. मास्तरांच्या चार ओळी तिथल्या तिथं टाईप केल्या, जुना प्रोग्राम लावला, आणि त्यांना खुर्चीवर बसवून कळ दाबली.

तीच ओळ आली.

"बघा," मी म्हटलं, "मास्तरांचं शुद्ध मराठी, ते बी नको म्हणतोय. तुमच्या बोलण्याचा संबंधच न्हाय. मराठीत काय बी लिवा, ह्यो न्हायच म्हणणार. मी त्याला तसं शिकवलं." मला वाटलं, आता त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल.

काकांनी पडद्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. आवाज चढेल म्हणून मी वाट पाहत राहिले. चढला नाही.

"ह्यो तूच लिवलास न्हवं?"

"व्हय."

"मग लिवताना आमच्यातलं कोणच तुझ्या ध्यानात न्हवतं व्हय?"

न्हवतं, हेच खरं उत्तर होतं. मी दिलं नाही, पण माझा चेहरा त्यांना वाचता येत होता. भर सभेत सारा गाव हसला तेव्हा त्यांचा चेहरा जसा पडला नव्हता, तसा आता पडला. अडाणी ठरणं त्यांनी हसत सोसलं होतं. हे त्यांना सोसलं नाही.

त्यांनी मास्तरांचा कागद माझ्याकडं सरकवला. "ह्येच घाल," म्हणाले, आणि उठून म्हशींकडं गेले. स्मरणिकेत काकांच्या फोटोखाली तेच मनोगत आहे. ते टाईप मीच केलं.