कॅप्टनाची चुलत बायको

एका अमेरिकन कॅप्टनाची बायको मी नाशिकरोडच्या घरात बसून बदलली. नवराबायको दोघंही केव्हाच स्वर्गवासी झालेले असल्यामुळे त्यांची काही हरकत आली नाही. बाकी सगळ्यांची आली!

झालं असं, की माझे धाकटे दीर सुहासभाऊजी तेव्हा अमेरिकेत नोकरीला होते. त्यांच्या ग्रीन कार्डाचे कागद साहेबांच्या सहीसाठी पडून होते, आणि साहेब आपल्या पूर्वजांत बुडालेले होते. मूळपुरुष कॅप्टन सायलस हॉपवूड. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा सरहद्दीवर लढलेला शिपाईगडी आणि पुढे नदीकाठचा मोठा जमीनदार. आता साहेबांकडे सगळ्या भाऊबंदांचा मेळावा भरणार होता आणि भिंतीवर लावायला टापटीप वंशावळ हवी होती.

"माझी वहिनी करून देईल!" भाऊजी बोलून बसले. (वहिनीने नुकताच कॉम्प्युटरचा क्लास केला होता. वहिनीला विचारलं कोणी?) मग फोनवर काकुळतीला आले, "वहिनी, नीट करा हं. साहेब खूश झाले तर सही, नाहीतर मी बॅगा भरून परत!"

साहेबांनी पाठवलेली माहिती घेऊन कामाला बसले, तर शेजारी खुर्ची ओढून आत्या हजर. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, माहेरच्या नांदगावच्या. लग्नाच्या मांडवात कोणीही अनोळखी माणूस दिसू दे, तो पाणी पिऊन होईपर्यंत त्या त्याचं आजोळ शोधून काढणार.

"हा कोणाचा गं?" त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हा कॅप्टन सायलस. हा त्याचा मुलगा सायलस. आणि हा नातू... सायलस."

"अगं बाई! बापाचंच नाव पोराला? मग घरात हाक मारली की ओ कोणी द्यायची?"

मलाही ते पटलं. म्हणून आपल्या पद्धतीने प्रत्येकाच्या नावापुढे वडिलांचं नाव घातलं. सायलस सायलस हॉपवूड! वाचताना जरा अडखळल्यासारखं व्हायचं, पण बाप कोण हे तरी कळत होतं.

खरा घोळ पुढच्या ओळीत होता. कॅप्टनाने आपल्या कझिनशी, म्हणजे रेबेका हॉपवूडशी, लग्न केलं.

"कझिन म्हंजे?" आत्या.

"मामेबहीण. नाहीतर आतेबहीण, मावसबहीण, चुलतबहीण... इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द आहे, आत्या."

"एकच? मग ती माणसं लग्नं जमवतात कशी? आडनाव काय म्हणालीस तिचं?"

"हॉपवूड."

"आन् त्याचं?"

"हॉप..." माझी बोटं कीबोर्डवरच थबकली.

"चुलतबहीण!" आत्या ताडकन उठल्या. "सख्ख्या काकाची पोर! अगं, राखी बांधायची ती त्याला! असलं भिंतीवर लावणार? चारचौघांत? माझ्या सुहासच्या साहेबाची काय शोभा राहील?"

"अहो, ऐकलंत का?" मी नवऱ्याला साद घातली.

"टायपिंगची चूक असेल," पेपराआडून निकाल आला. "लग्नानंतरचं आडनाव आधीच टाकलं असेल. आमच्या अंबडच्या कंपनीत तर नेहमीचंच आहे."

"कॅप्टनाची आई कोणाकडची?" आत्यांनी तपास चालू ठेवला.

"मिलरांकडची."

"मग झालं तर! मामाची पोरगी असंल. लय चांगलं स्थळ!"

मी रेबेका हॉपवूडची रेबेका मिलर केली आणि तिचा बाप उचलून मिलरांच्या फांदीवर नेऊन बसवला. घराण्याची अब्रू वाचवल्याच्या आनंदात सायबर कॅफेतून वंशावळ पाठवून दिली आणि येताना कोंडाजीचा चिवडाही आणला.

रविवारी सकाळी मेथी निवडत होते, तेवढ्यात फोन खणखणला.

"वहिनी! ही रेबेका मिलर कुठून आणलीत?"

मागे भांडणाचा आवाज ऐकू येत होता. झालं होतं असं, की नदीकाठची सगळी जमीन कॅप्टनाला सासऱ्याकडून मिळालेली. आता सासराच मिलर, म्हणजे जमीन मुळात मिलरांची! मेळाव्याला आलेल्या, कॅप्टनाच्या आजोळकडच्या एक मिलर आजीबाई वंशावळीपुढे काठी आपटत विचारत होत्या, की आमची नदी तुम्ही कधी परत करताय? साहेबांनी भाऊजींना कोपऱ्यात घेतलं होतं.

गेलं कार्ड! भाऊजी बॅगा घेऊन दारात उभे दिसायला लागले. आत्यांनी मात्र माझ्या हातातून फोन हिसकावला.

"सुहास, चुलतबहीण होती रे ती त्याची!"

"आई, इकडे चालतं ते!"

"चालतं? तू तिकडं कोणाशी काय ठरवून बसलायस का? खरं सांग!"

फोन कट झाला. पुढचे दोन दिवस तिकडून फोन आला नाही. आत्या देवापुढे बसून एकदा मुलाला कार्ड मिळू दे म्हणायच्या, एकदा तो घरी येऊ दे म्हणायच्या. देवाने नेमकं काय करायचं, कोण जाणे!

तिसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन आला, तो हसतच. त्यांनी साहेबांना सगळं समजावलं होतं. आमच्यात काकाची मुलगी म्हणजे बहीणच, वहिनीला वाटलं चूक आहे, म्हणून तिने तुमची लाज राखली. साहेब खुर्चीतून पडेपर्यंत हसले आणि त्याच झटक्यात सही करून मोकळे झाले. आत्यांनी ह्यांना पेढे आणायला पिटाळलं आणि पदराने डोळे पुसत बसल्या. मला तर उड्या माराव्याशा वाटत होत्या.

"फक्त साहेबांनी एक विचारलं," भाऊजी म्हणाले. "तुमच्यात मग कझिनशी लग्न होतच नाही का? मी म्हटलं, तसं नाही, मामाची मुलगी चालते. आमची वहिनी माझ्या सख्ख्या मामाचीच!"

"मग?"

"मग काय! साहेबांनी दुरुस्त वंशावळ छापलीय. खाली तुमचे आभार मानलेत. टपालाने पाठवलीय."

आलं ते पाकीट. तीन सायलस, रेबेका परत हॉपवूड, नदी परत हॉपवूडांची, आणि तळाशी ठळक अक्षरांत आभार: 'नाशिकच्या बाईंचे, ज्यांना आमच्या कॅप्टनाने कझिनशी लग्न केलेलं अजिबात खपलं नाही, आणि ज्यांनी स्वतः कझिनशीच लग्न केलं आहे.'