सेट टॉप बॉक्सचा लाल ठिपका

आमच्या कंपनीत ट्रेनिंग झालं आणि घरी पीडा सुरू झाली, तीही माझ्यामुळे. रांजणगावच्या त्या हॉलमध्ये एका साहेबानं सांगितलं, टीव्ही रिमोटनं बंद केला तरी तो वीज खातच राहतो; मोबाइल काढून घेतला तरी चार्जर बोर्डात जागाच असतो. किती खातो, ते काही मला नीट कळलं नाही. कधी वाटायचं चिमूटभर, कधी वाटायचं आपलं मीटर यानंच पळतंय. पण मला एकदा खूळ लागलं की लागलं.

कंपनीत मशिनची लाइन बंद करताना आम्ही शेवटी एक फेरी मारून सगळी बटणं बघतो. तशीच फेरी मी वडगाव रासाईच्या घरात सुरू केली. फर्स्ट शिफ्ट असली की पहाटे कंपनीची बस धरायला निघण्याआधी टीव्ही, सेट टॉप बॉक्स, चार्जर, सगळं खटाखट बंद. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मी सकाळी उशिरापर्यंत घोरत असायचो, तेव्हा सगळं चालूच राहायचं. बायको म्हणायची, एवढी वीज वाचवायचीय तर पंख्याखाली लोळायचं तेवढं सोडा.

त्याच सुमारास आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, काहीतरी बिनसलं. एक आठवडा माणूस खुशीत. चहा घ्यायचा, मोटारसायकलला किक मारायची आणि नदीवरची मोटर बघायला जायचं. पुढचा आठवडा तोंड पाडून बसायचं, गाडीला हात नाही, शेतापर्यंत पायी. विचारलं तर काय न्हाई म्हणायचे. आठवड्यानं पुन्हा किक. माझं डोकंच चालेना. बायकोनं मात्र बरोबर हेरलं: माझी फर्स्ट शिफ्ट आली की आबांचं बिघडतं. आता मी सकाळी घरात नसतो याचा कुणाला राग कसा येईल? असतो म्हणून आला तर एक वेळ समजू शकतो. मी चिडलोच. म्हातारपणी हे काय नखरे, असंही बोलून गेलो. आज ते आठवलं की लाज वाटते.

मग अशाच एका फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात आबांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. गाडी विकून टाक म्हणाले. मला काही म्हणजे काही कळेना. ज्या गाडीला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत, ती विकायची?

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. तरी सवयीनं पहाटे उठलो, बटणं बंद केली आणि चहा घेत दारात बसलो. उजाडल्यावर आबा उठले, खाटेवर बसले आणि डोळे बारीक करून टीव्हीकडे बघत राहिले. टीव्ही तर बंद. काय बघताय, असं मी विचारलं. त्यांनी टीव्हीखालच्या बॉक्सकडे बोट केलं.

मग म्हणाले, "त्यो लाल ठिपका. एक हप्ता दिसतोय, एक हप्ता न्हाई. डोळं चाललं लेका माझं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. यवतला डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, अंधुक वाटलं तर लगेच या. आबांनी घरात ते सांगितलंच नाही, कारण कळलं तर आम्ही गाडी काढून घेऊ ही भीती. त्यापेक्षा रोज सकाळी खाटेवरून बॉक्सचा ठिपका बघायचा. दिसला तर गाडी, नाही दिसला तर पायी. आणि तो ठिपका विझवणारा मी!

हसावं की रडावं कळेना. त्यांना म्हणालो, "आबा, डोळं न्हाई गेलं. मीच बटण बंद करतोय." आणि बटण दाबलं. ठिपका लागला. आबांचा चेहरा असा खुलला, की मी जाऊन किल्ली लगेच त्यांच्या उशाला ठेवली. त्यांनी मला दोन शिव्या घातल्या, त्याही गोड लागल्या.

मग शिबिरात करतात तसं करून बघू म्हणून त्यांनी उजवा डोळा तळव्यानं झाकला. चेहऱ्यावरचं हसू तिथंच थांबलं.

"आता परत कशाला बंद केलास?" आबा म्हणाले.

मी बटणापासून लांब, त्यांच्या खाटेजवळच उभा होतो. ठिपका लागलेलाच होता.